रातपाळीचे मासे

"श्वास घ्या. अजून घ्या. आता रोखा," म्हणत जयवंतनं एक्स-रेचं बटण दाबलं, यंत्र घुरघुरलं आणि गप्प झालं, आणि पुढचा शब्द काही त्याच्या तोंडातून निघाला नाही. वर्षानुवर्षं आपोआप निघणारा शब्द तो, जांभई देताना, चहाचा विचार करतानासुद्धा निघायचा. आज तो घशातच बसला. काचेपलीकडं शिवडीच्या मंजुळाबाई छाती प्लेटला टेकवून, हनुवटी वर करून, कोपरं पुढं काढून उभ्या होत्या. मासळी विकून विकून आवाज कमावलेली बाई, बाहेरच्या बाकावर सगळ्या रांगेला दटावून बसली होती, पण आत येताच शाळेतल्या पोरीसारखी शहाणी झाली. रोखा म्हटलं, तिनं रोखला. आणि जयवंत तिच्याकडं बघतच नव्हता. तो बघत होता स्टुलावर ठेवलेल्या तिच्या पिशवीकडं. पिशवीतून एक झेरॉक्स केलेली पुस्तिका अर्धी बाहेर आली होती आणि तिच्यावर भिवा होता. कपाळावर आलेली एक बट, गळ्यात ताईत, हवा भरून फुगलेले गाल. बुडीबहाद्दर भिवा, लहानपणच्या चित्रकथेतला. गाल बरोबर होते. बटही बरोबर होती. पण डोळे कुणीतरी उघडे काढले होते, आणि शेवटच्या अंकात भिवाचे डोळे मिटलेले आहेत हे जयवंतला आपल्या हाताच्या रेषांपेक्षा जास्त पाठ होतं. त्याच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. पुन्हा कुणीतरी हात घातलाच. तेवढ्यात काचेपलीकडून खोकल्याची एक उबळ फुटली, मंजुळाबाई प्लेट सोडून कमरेत वाकल्या, डोळ्यांतून पाणी, तोंड लालबुंद.

"आरं बाबा, सोडू का नको सोडू? जीव घेतोस का म्हातारीचा?"

"सोडा, सोडा," जयवंत धावत बाहेर येऊन म्हणाला. आता सोडायला तिच्याकडं काही उरलं नव्हतं. त्यानं पाणी दिलं, माफी मागितली, आणि पाणी पिऊन होईस्तोवरही दम न धरता विचारलं, ही पुस्तिका कुठली. बाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की याचीच आधी छाती तपासायला हवी. नातीची आहे म्हणाली. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी सगळ्या वर्गाला वाटली, पुढं काय होतं त्याची चित्रं काढून आणा म्हणाल्या. पोरीनं काढून दिली, ही पिशवीत राहिली. जयवंतनं ती एका दिवसासाठी मागून घेतली. "ठेव की," बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "पण पोरगा हाय ना तो चित्रातला, त्याला तरी सोड म्हण येळेवर."

शनिवार होता, रांग लवकर संपली. जयवंत डार्करूममध्ये शिरला आणि दाराला कडी घातली. तांबड्या दिव्याखाली फिल्मा टांगलेल्या होत्या, कुणाची छाती, कुणाचा खुबा, आणि औषधाचा तो आंबूस वास. त्याला ही खोली आवडायची. इथं कुणी काही विचारत नाही. पुस्तिका टेबलावर ठेवून तो तिच्याकडं नुसता बघत बसला, उघडेना. हे त्याचं नेहमीचंच होतं. शिव्या घालायच्या, आणि दुखऱ्या दाढेला जीभ लावावी तसं पुन्हा तिथंच जायचं. गेल्या काही वर्षांत भिवाला मरण नव्हतं. लहानपणी 'गलबत' पाक्षिक वाचलेली माणसं आता चाळिशीकडं झुकली होती, पोटापाण्याला लागली होती, आणि त्यांच्या हाताला खाज सुटली होती. गिरगावातल्या एका बँक अधिकाऱ्यानं पहिली पुस्तिका काढली. तिच्यात भिवाला नौदलाची पाणबुडी येऊन वाचवते आणि भिवा कप्तानाला इंग्रजीत धन्यवाद देतो. मग दादरच्या एका मंडळानं भिवाचा जुळा भाऊ शोधून काढला. परळच्या कॉलेजातल्या पोरांनी त्याच्या हातात पिस्तूल दिलं आणि तोंडात सिगारेट, पाण्याखाली. जयवंतनं या सगळ्या विकत घेतल्या होत्या, सगळ्या वाचल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्याला असं झालं होतं की आपल्या घरात परकी माणसं शिरून कपाट उचकताहेत. बँकवाल्याला त्यानं खरमरीत कार्ड टाकलं होतं. त्याचं उलट प्रेमळ उत्तर आलं, आपणही भिवाप्रेमी दिसता, आमच्या मंडळात यावे. भिवाप्रेमी. हा शब्द वाचून त्याला दोन घास कमी गेले होते.

खरा भिवा एकच. शिवडीच्या कोळीवाड्यातला पोरगा, एका दमात समुद्राचा तळ गाठणारा, बुडालेली गलबतं, चोरलेल्या पेट्या, मगरीसारख्या नाकाचा चोर दर्यासेठ. दर पंधरवड्याला दोन पानं. बाबा पगाराच्या दिवशी नाक्यावरून अंक आणायचे, शर्टाच्या आत पोटाशी खोचून, म्हणजे घामानं कोपरा ओला झालेला असायचा. गिरण्यांचा संप सुरू झाला त्या साली पावसाळ्यात शेवटचा अंक आला. त्यातलं शेवटचं चित्र पानभर होतं. तळाशी भिवा, त्याचा पाय नांगराच्या साखळीत अडकलेला, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, आणि तोंडातून एकसुद्धा बुडबुडा नाही. खाली लिहिलं होतं, 'भिवाचा पाय सुटेल काय?' पुढचा अंक निघालाच नाही. गलबतवाले बुडाले असं नाक्यावरचा पेपरवाला म्हणाला आणि स्वतःच हसला. तेव्हापासून भिवा तिथं होता. तो मेलेला नव्हता आणि वर आलेला नव्हता. बुडबुडा नाही म्हणजे श्वास धरलेला आहे, आणि जोवर धरलेला आहे तोवर काहीच घडून गेलेलं नाही. हे जयवंत कुणाला बोलून दाखवत नसे, चौतिसाव्या वर्षी ते बोलण्यासारखंही नव्हतं. पण कुणी भिवाला वर काढला की त्याला राग यायचा, आणि रागाखाली एक भीती असायची, ती मात्र कुठल्या पुस्तिकेची नव्हती.

त्यानं पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर पापलेटांची रांग होती. प्रत्येक पापलेटाच्या तोंडात हवेचा एक बुडबुडा, आणि ती रांग भिवाकडं चालली होती. खाली ओळ होती, 'पहिल्या पाळीचे मासे कामावर आले.' जयवंत मोठ्यानं हसला, हसण्यातलं जहर त्याचं त्यालाच ऐकू आलं. माशांना पाळी. आता मस्टरही असेल. दुसऱ्या पानावर खडकावर एक भोंगा बसवलेला होता, गिरणीचा असतो तसाच, कर्ण्यासारखा, त्याच्यावर शेवाळ. समुद्रात भोंगा. याच्या मेंदूत काय शेवाळ आहे का, असं म्हणत त्यानं पान उलटायला बोट लावलं, आणि बोट तसंच राहिलं. त्याला माहीत होतं पुढच्या पानावर काय आहे. बांगडे. दुसऱ्या पाळीला बांगडे. त्यानं पान उलटलं. बांगडे होते. पाठीवर पट्टे, तोंडात बुडबुडे, आणि सगळ्यांत पुढचा बांगडा जरा लंगडा, एक पर तुटका. तुटका पर. हेही त्याला माहीत होतं. मानेमागं घाम आला. डार्करूमचा पंखा चालूच होता. हे त्यानं कुठं वाचलं होतं? अंकात नव्हतं, अंकाची पानं तो डोळे मिटून वाचू शकत होता. म्हणजे कुणीतरी चोरलं होतं. कुणाकडून चोरलं, हे मात्र त्याला सांगता येईना. शेवटच्या पानावर बांगडे परत चालले होते, पाठमोरे, आणि भिवा एकटा, डोळे उघडे, अंधाराकडं बघणारा. खाली फक्त, 'मग रातपाळीचे बोंबील निघाले, आणि'. वाक्य तिथंच तुटलेलं. पूर्णविरामसुद्धा नाही. जयवंतनं पुस्तिका मिटली आणि ती हातातून दूर, औषधाच्या ट्रेपलीकडं सरकवून दिली.

निघताना त्यानं पुस्तिका पुन्हा उचलून घेतली आणि परळहून लालबागेपर्यंत तो चालतच गेला. रोज जायचा, पण आज पाय नेहमीच्या वेगात पडत नव्हते. बाबांच्या गिरणीच्या जागी हिरव्या जाळीत गुंडाळलेली इमारत उभी राहत होती. धुराडं तेवढं ठेवलं होतं, शोभेला म्हणे. त्याच्याखाली गाड्या ठेवायची सोय होणार होती. फाटकावरच्या वॉचमननं त्याच्याकडं पाहिलं, हा रोज जाणारा माणूस आज थांबला का म्हणून. जयवंत थांबला होता कारण त्याला पाय आठवला होता. भिवाचा पाय. त्या पुस्तिकेत साखळीत अडकलेल्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून फटकून काढलेला होता, जरा जास्तच. असा पाय एकच माणूस काढतो. लहानपणी पाटीवर काढायची, मग वहीच्या मागं, मग भिंतीवर, आणि आईचा मार खायची. कालिंदी. शिवडीच्या शाळेत चित्रकला शिकवणारी कालिंदी. हे त्याला मंजुळाबाई बोलल्या तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असणार, त्यानं आत येऊ दिलं नसणार. शिवडीच्या त्या शाळेत चित्रकलेच्या बाई असून असून किती असतील? त्याला राग आला आणि बरं वाटलं, कारण राग ओळखीचा होता. सख्खी बहीण. तिला माहीत होतं. बँकवाल्याला लिहिलेलं कार्ड तिला वाचून दाखवलं होतं, ती हसली नव्हती, नुसती बघत राहिली होती. घरभेदी. लग्न करून घोडपदेवला गेली, दर शनिवारी भाजीची पिशवी घेऊन येते, आईच्या पायांना तेल लावते, आणि पाठीमागं हे धंदे. आज शनिवार होता. ती घरी आलेली असणार.

पण चालता चालता रागाला सारखं भोक पडत होतं. तुटका पर. तो तिला कुठून मिळाला? संपाच्या दिवसांची जयवंतला चित्रं आठवत, आवाज आठवत नसत. भोंगा बंद झाल्यावर चाळीत एक विचित्र शांतता आली होती, माणसं अवेळी घरात दिसायला लागली होती, रातपाळीवाले आणि दिवसपाळीवाले एकाच वेळी एकाच खोलीत, झोपायला जागा पुरेना. बाबा साचेखात्यातले, मागावरचे विणकर. पहिले काही महिने ते सभांना गेले, मग नुसते गॅलरीत बसले, मग गावाकडं जाऊन आले, आणि दुसऱ्या साली कुणाला न सांगता शिवडी बंदरावर हमालीला जायला लागले. संपवाल्यांपासून लपवायचं असं त्यात काही नव्हतं, पण विणकराला पाठीवर गोणी घेताना कुणी ओळखीच्यानं पाहू नये असं त्यांना वाटायचं. म्हणून अंधार असतानाच निघायचे. एका सकाळी बार्जवरची फळी सरकली. बार्ज आणि धक्का यांच्या मधल्या पाण्यात ते गेले आणि वर आले नाहीत. भरती होती. चाळीतली माणसं शिवडीला धावली, परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, आणि पुन्हा गेली. जयवंतला तो चिखल स्वच्छ आठवत होता, जिन्याच्या पायऱ्यांवर वाळत गेलेला, करडा. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. पोरीला काही सांगायचं नाही, असं कुणीतरी त्याला बजावलं, तू हिला सांभाळ. कालिंदी पाचेक वर्षांची. तो तिला मांडीवर घेऊन नळाजवळच्या कट्ट्यावर बसला. माणसं जात होती, येत होती. तिसऱ्या दिवशी ओहोटीला बाबा सापडले. हे सगळं दिसायचं. त्यात कोण काय बोललं, हे कधी ऐकूच यायचं नाही. आज, धुराडं मागं पडल्यावर, भारतमाता टॉकीजच्या पुढच्या वळणावर कुठंतरी, त्या चित्रात पहिल्यांदा आवाज आला. बारीक पोराचा आवाज, नुकताच फुटू लागलेला. मासे पाळीनं येतात गं, आवाज म्हणत होता. जयवंतनं चाल वाढवली.

खोलीत शिरला तेव्हा आई पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत होती आणि कालिंदी खिडकीपाशी कागद मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या हातातली पुस्तिका तिनं पाहिली. तिनं कागद लपवला नाही, याचाच त्याला जास्त राग आला.

"हे तुझंच ना?"

"हो."

"किती दिवस चाललंय?"

"दादा, आधी बस. चहा घे."

"चहा गेला खड्ड्यात. तुला माहितीये मला हे चालत नाही. सगळ्या दुनियेनं त्या पोराचे धिंडवडे काढले, तू एक राहिली होतीस. तुझी तू काय वाट्टेल ती चित्रं काढ ना, भिवाला कशाला हात लावतेस?" तो उभ्यानंच बोलत होता, पुस्तिका हवेत हलवत. "आणि काय काढलंयस हे? माशांना पाळ्या? समुद्रात भोंगा? शाळेत शिकवतेस ना तू? पोरं हसत नाहीत?"

"पोरं हसत नाहीत," कालिंदी म्हणाली. "शिवडीची पोरं आहेत. त्यांनी गिरणी पाहिली नाही. ती विचारतात, बाई, भोंगा म्हणजे काय. मग मी सांगते." ती जरा थांबली. "गिरगावात एक प्रेसवाले आहेत, त्यांना नीट छापायचंय. रंगीत. मी त्यांना म्हटलं, दादाला विचारल्याशिवाय नाही."

"मग नाही. विचारलंस, झालं."

"नुसतं विचारायचं नव्हतं. नाव घालायचंय तुझं."

"माझं नाव? या घाणीवर?"

कालिंदीनं मांडीवरचा कागद बाजूला ठेवला. ती रागावली नव्हती, आणि तिच्या न रागावण्यानं खोली आणखी लहान झाली. "दादा, तुला खरंच आठवत नाही? मला वाटायचं तू नाटक करतोस. मी इतकी वर्षं समजत होते की तुला आठवतं आणि तुला त्याचीच चीड येते. मला तेव्हा वाचता कुठं येत होतं? मी 'गलबत' कधी वाचलंच नाही. मला भिवा माहिती तो तू सांगितलेला. नळाच्या कट्ट्यावर. मी तुला विचारलं होतं, भोंगा कुठं गेला, रोज वाजायचा तो. तू म्हणालास, तो समुद्रात नेलाय, भिवासाठी. मासे पाळीनं हवा घेऊन येतात, त्यांना वेळ कळायला नको? पहिल्या पाळीला पापलेट, कारण ती शेटजीसारखी, लवकर येऊन लवकर घरी जातात. दुसऱ्या पाळीला बांगडे. मी म्हटलं, बांगडे लंगडतात का. खालचे दिनूकाका लंगडत जायचे ना दुसऱ्या पाळीला. तू म्हणालास, एक लंगडतो."

जयवंत खाली बसला. कुठं बसतोय ते न बघता बसला, ते कालिंदीच्या भाजीच्या पिशवीशेजारी होतं.

"मी विचारलं, माशांनी संप केला तर? तू म्हणालास, मासे संप करत नाहीत, त्यांना माहितीये खाली एक माणूस आहे. मी सारखी विचारायचे, अजून धरलाय का श्वास? तू म्हणायचास, धरलाय. ते सगळे चिखलाचे पाय जिन्यानं वर यायचे, तू त्यांच्याकडं बघायचास आणि मला सांगायचास, धरलाय. आणि मग त्या दिवशी तू सांगत होतास, रातपाळीचे बोंबील निघाले, आणि. तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी तुला हातानं खूण केली. तू मला मांडीवरून खाली ठेवलंस. नंतर मी किती महिने मागं लागले होते तुझ्या. तू म्हणायचास, अंक बंद पडला."

अंक बंद पडला. हे मात्र त्याला आठवलं, आणि मग बाकीचं आठवायला काही अडवणारं उरलं नाही. कट्ट्याचा थंडपणा, पोरीच्या केसांतला खोबरेल तेलाचा वास, आणि आपण बोलत राहिलो तर काही होणार नाही ही बारा वर्षांच्या पोराची खात्री. तो तिला गोष्ट सांगत नव्हताच. तो पाण्यात माणूस धरून होता. पापलेटं आणि बांगडे कामाला लावून, पाळीमागून पाळी, तो बाबांना हवा पोचवत होता, आणि अर्ध्या वाक्यात त्याला खाली बोलावलं गेलं. ते वाक्य त्यानं पुढं कधी पुरं केलं नाही आणि दुसऱ्या कुणालाही करू दिलं नाही. बँकवाल्याचा, दादरच्या मंडळाचा, पिस्तूलवाल्या पोरांचा राग केला, आणि सगळ्यांत आधी ज्यानं भिवाला हात लावला तो पोरगा तो स्वतःच होता. त्याला लाज वाटली. मग रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. छातीत कुठंतरी ते अडलं होतं, नेहमी अडायचं तिथंच.

"वर्गातल्या पोरांनी काय काढलं?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांनी सोडवला त्याला. एकानं करवत दिलीय बोंबलाच्या तोंडात. एकीनं आईला बोलावलंय." कालिंदी हसली, अर्धवट. "छान काढलंय. मला ते खरं वाटेना. म्हणून शेवट कोराच ठेवलाय. तो तुझ्याकडं आहे, दादा. तू सांग, नाहीतर नको छापूया. मी प्रेसवाल्यांना नाही म्हणून सांगते, राग नाही यायचा मला."

जयवंतनं मान हलवली. नाही म्हणायला हलवली की नुसतीच, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. सांगायचं म्हणजे दोनच वाटा होत्या. एक वाट पोरांनी काढली होती, भिवाला सोडवायची, पण ती शिवडीच्या चिखलातच संपली होती हे या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दुसरी वाट म्हणजे आपल्या तोंडानं ते बोलणं. तो उठायला लागला. तेवढ्यात सुपाचा आवाज थांबला.

"मगे बोंबील इले काय नाय?" आईनं विचारलं.

दोघंही तिच्याकडं वळली. आईनं मान वर केली नव्हती. ती सुपातले खडे बोटानं एका कडेला लावत होती. "मी पण आयकत होतंय," ती म्हणाली. "दार उघडा होता. भिंतीकडे तोंड केलेला म्हणून काय कान बंद होते? बायका येवन काय काय बोलत, माका त्यातला एक आयकाक येय ना. तुझा तेवढा येय. बांगडे गेले, आता बोंबील येतले, असा मी मनात म्हणत होतंय. आणि तू थांबलंस." तिनं एक खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. "मी तुका कधी इचारलंय नाय. इचारूक होया होता."

जयवंत पुन्हा बसला. बाहेर गॅलरीतून कुणीतरी बादली घेऊन गेलं. त्यानं खोल श्वास घेतला, रोग्यांना सांगतो तसा, आणि बोलायला लागला तेव्हा आवाज कसातरीच निघाला. "बोंबील निघाले," तो म्हणाला. "रातपाळीला बोंबीलच का, तर ते मऊ असतात, चालले तरी आवाज होत नाही, झोपलेल्यांची झोप मोडत नाही. प्रत्येकाच्या तोंडात बुडबुडा होता. पण भोंगा वाजला नव्हता. ते भोंग्याची वाट बघत फाटकापाशी उभे राहिले. त्यांना तेवढंच माहीत होतं, भोंगा झाल्याशिवाय आत जायचं नाही. मग त्यांतला एक म्हणाला, भोंगा नाही तर नाही, खाली माणूस आहे. ते आत शिरले. पोचले तेव्हा—" तो थांबला. कालिंदीनं पेन्सिल उचलली होती, पण काढत नव्हती. "पोचले तेव्हा भिवानं श्वास सोडलेला होता. पाय काही सुटला नाही, काली. त्यानं धरला तेवढा धरला, मग सोडला. बुडबुडे वर गेले. वर कुणाला दिसले नाहीत."

कालिंदीनं डोळे पुसले आणि "बरं" म्हणाली. खूप दिवस दाबून ठेवलेला पाय मोकळा केल्यावर मुंग्या येतात, तसं काहीतरी जयवंतच्या छातीत सुरू झालं, दुखत होतं, पण हलत होतं. आता तो नीट रडत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

आईनं सूप खाली ठेवलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघत म्हणाली, "मगे ते परत गेले काय रे? तेका थंयच टाकून?"

तिनं विचारलं आणि जयवंतला कळलं, की इतकी वर्षं ही बाई कशाच्या वाटेकडं डोळे लावून होती. ते तीन दिवस. त्या काळ्या पाण्यात, भरती-ओहोटीत, एकटा माणूस.

"नाही," तो म्हणाला. "जातील कसे? त्यांनी तोंडातले बुडबुडे सोडून दिले आणि त्याच्या भोवती बसून राहिले, अगदी लागून. सकाळी पापलेटं आली, त्यांनी सांगितलं, आता तुमची पाळी संपली, घरी जा. एकही उठला नाही. पापलेटंही तिथंच बसली. बांगडे आले, तेही बसले. माणसं चिखल तुडवत शोधत येईपर्यंत सगळे होते तिथं, तिन्ही पाळ्यांचे."

"म्हणजे तो एकटो नव्हतो," आई म्हणाली.

"नव्हता."

मग सूप उचलून आईनं तांदूळ पातेल्यात ओतले आणि धुवायला मोरीकडं गेली. कालिंदी कागदावर वाकली होती आणि बोंबील काढत होती, एकाला लागून एक, साखळीतल्या पायापासून सुरुवात करून.